वाहितमल संस्करण केंद्र व नद्यांचे संरक्षण

घरे, बाजारपेठा, उपाहारगृहे, रुग्णालये इ. ठिकाणी वापरून झालेल्या आणि मलमूत्र, साबण, अन्नाचे अवशेष, तेलकट पदार्थ वगैरेंनी दूषित झालेल्या पाण्यास वाहितमल म्हणतात. हे पाणी नदीत, खाडीत वा जमिनीवर सोडण्यापूर्वी त्यातील घाण भौतिक व जैव क्रियांनी वेगळी करणाऱ्या अथवा तिचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करणाऱ्या स्थापनेस वाहितमल संस्करण केंद्र म्हणतात. वाहितमलात वजनाने सुमारे ९९·९ टक्के पाणीच असते. उरलेला ०·१ टक्का घनपदार्थ नदीचे स्वरूप पालटून टाकण्यास पुरेसा होतो, कारण त्यातील सेंद्रिय अंश कुजताना पाण्यातील ऑक्सिजन वापरला जातो. सूक्ष्मजंतूंकडून घाणीचे विघटन करून घेण्याचे जे काम नदी स्वतः करीत असते, तेच संस्करण केंद्रात केले जाते. नदीला त्यासाठी अनेक दिवस व अनेक किमी. चा प्रवाह लागतो आणि स्वतःचा ऑक्सिजन खर्च करावा लागतो. केंद्रात ते थोड्या जागेत, काही तासांत व बाहेरून पुरविलेल्या ऑक्सिजनावर उरकते. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग वस्तीत आणि तिच्यातून जाणाऱ्या उल्हास व वालधुनी या नद्यांच्या स्थितीत या तत्त्वाचे महत्त्व व त्याच्या मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात.

नदीची स्वयंशुद्धी : नदीच्या पाण्यात हवेतील ऑक्सिजन विरघळलेला असतो. २७° से. तापमानास संपृक्त पाण्यात त्याचे प्रमाण दर लिटरला सुमारे ८ मिग्रॅ. असते. बहुतेक माशांना ते किमान ४ ते ५ मिग्रॅ. लागते. नदीत सेंद्रिय घाण मिसळली की, तिच्यावर जगणाऱ्या सूक्ष्मजंतूंची संख्या झपाट्याने वाढते व ते श्वसनासाठी हा ऑक्सिजन वापरू लागतात. त्याच वेळी पृष्ठभागावरून हवेतील ऑक्सिजन पाण्यात शिरत असतो. खळाळत्या उथळ प्रवाहात तो जलद, तर संथ डोहात सावकाश शिरतो. खर्च व भरपाई यांच्या या स्पर्धेमुळे नाल्याच्या मुखापासून खाली जावे तसतसा ऑक्सिजन प्रथम घटत जातो, एका ठिकाणी नीचतम पातळी गाठतो आणि पुढे हळूहळू पूर्ववत होतो. या बदलाचे गणिती सूत्र स्ट्रीटर व फेल्प्स यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील ओहायओ नदीच्या अभ्यासातून मांडले. घाणीचा भार मर्यादेबाहेर गेल्यास नीचतम पातळी शून्यावर येते. मग ऑक्सिजनाशिवाय जगणारे सूक्ष्मजंतू प्रबळ होतात, हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू निर्माण होतात, लोहाच्या सल्फाइडामुळे पाणी व तळचा गाळ काळा पडतो आणि मासे नाहीसे होतात. अशा अवस्थेतील नदी व्यवहारात नालाच ठरते.

ऑक्सिजन मागणी : वाहितमलाची तीव्रता जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी या राशीने मोजतात. पाण्याचा नमुना ठराविक तापमानास बंद बाटलीत ठेवून तेवढ्या काळात त्यातील सूक्ष्मजंतूंनी किती ऑक्सिजन वापरला, हे या कसोटीत पाहिले जाते. अनेक देशांत ही चाचणी २०° से. तापमानास पाच दिवस करतात. भारतीय हवामानास अनुसरून येथे ती २७° से. तापमानास तीन दिवस करण्याची पद्धत आहे. घरगुती वाहितमलाची मागणी दर लिटरला साधारणपणे २०० ते ३०० मिग्रॅ. असते.

संकल्पनासाठी भारतात दरडोई दररोज १३५ लि. पाणीपुरवठा, त्याच्या ८० टक्के म्हणजे १०८ लि. वाहितमल आणि सुमारे २७ ग्रॅ. ऑक्सिजन मागणी धरण्याचा प्रघात आहे. त्यावरून वाहितमलाची मागणी दर लिटरला २५० मिग्रॅ. येते. नदीच्या प्रत्येक लिटरमधील ८ मिग्रॅ. पैकी ४ मिग्रॅ. माशांसाठी राखून ठेवावयाचे झाल्यास एक लिटर कच्चे वाहितमल सामावून घेण्यास सुमारे ६२ लि. स्वच्छ पाणी लागेल. संस्करणानंतर मागणी १० मिग्रॅ. वर आली, तर त्याच कामास अडीच लिटर पाणी पुरते. केंद्राने नदीला दिलेले संरक्षण या दोन आकड्यांच्या अंतरात मोजता येते.

उल्हासनगरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ५,०६,०९८ होती. वरील प्रमाणाने पाच लक्ष लोकांचे वाहितमल दिवसाला ५·४ कोटी लि. व त्याची ऑक्सिजन मागणी १३·५ टन होते. ते तसेच सोडल्यास ऑक्सिजनाची पातळी ४ मिग्रॅ. राखण्यासाठी सेकंदाला जवळजवळ ३९ घ. मी. स्वच्छ प्रवाह आवश्यक ठरेल; १० मिग्रॅ. पर्यंत संस्करण केल्यास तो सेकंदाला सु. १·६ घ. मी. पुरेल. हा हिशेब हवेतून होणारी भरपाई वगळून केलेला स्थूल हिशेब असला, तरी त्यावरून प्रश्नाचे प्रमाण ध्यानात येते.

उल्हास व वालधुनी : उल्हास नदी सह्याद्रीत खंडाळ्याच्या परिसरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर या गावांवरून व उल्हासनगरच्या कडेने कल्याणकडे जाते. कल्याणपासून पुढे ती भरती-ओहोटीच्या खाडीचे रूप घेते आणि वसईजवळ समुद्रास मिळते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या या नदीचा उन्हाळी प्रवाह बराचसा मानवनिर्मित आहे : भिवपुरी जलविद्युत् केंद्रातून वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी तीत येते आणि बारवी धरणाचे पाणीही बारवी नदीतून तिला मिळते. बदलापूर येथील बंधाऱ्यापासून शहाड-मोहनेपर्यंत अनेक ठिकाणी पिण्यासाठी व उद्योगांसाठी नदीचे पाणी उचलले जाते. म्हणजे एका शहराचे सांडपाणी जेथे नदीत पडते, त्याच्या खाली काही किमी. वरच दुसऱ्या शहराचे पिण्याचे पाणी घेतले जाते.

वालधुनी ही त्या मानाने लहान नदी. अंबरनाथच्या दक्षिणेकडील डोंगरात काकोळे गावाच्या परिसरात तिचा उगम असून ती १०६० मधील प्रसिद्ध शिवमंदिराजवळून वाहते, अंबरनाथनंतर उल्हासनगरात शिरते व कल्याणजवळ उल्हासच्या खाडीस मिळते. पावसाळा संपला की, तिच्यात नैसर्गिक प्रवाह जवळजवळ उरत नाही. सौम्यनास लागणारे पाणीच नसल्यामुळे तिची स्वयंशुद्धीची क्षमता अत्यल्प आहे आणि कोरड्या ऋतूत तिच्या पात्रातून मुख्यतः शहरांचे सांडपाणीच वाहते. अशा नदीच्या बाबतीत संस्करणाला पर्याय राहत नाही.

उल्हासनगरच्या जडणघडणीमुळे प्रश्न अधिक बिकट झाला. दुसऱ्या महायुद्धात येथे कल्याण लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लक्ष निर्वासितांना तिच्यातील बराकींत आश्रय देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे पाच विभाग आजही कॅम्प १ ते कॅम्प ५ या नावांनीच ओळखले जातात. तात्पुरत्या निवासासाठी उभारलेल्या वसाहतीचे सुमारे १३ चौ. किमी. क्षेत्रात दाट औद्योगिक नगर बनले. परंतु घरे व कारखाने ज्या वेगाने वाढले त्या वेगाने मलवाहिन्या वाढल्या नाहीत. त्यामुळे पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी असलेले नालेच सांडपाण्याचे वाहक बनले. शहराचा उतारही दोन दिशांना आहे : काही भागाचे पाणी खेमाणी नाल्यासारख्या ओहोळांतून उल्हास नदीकडे, तर अंबरनाथच्या हद्दीलगतच्या कॅम्प ५ सह बराच भाग वालधुनीकडे उतरतो. 

वाहितमलाचे संकलन : केंद्र कितीही उत्तम असले, तरी त्याच्यापर्यंत न पोहोचलेल्या पाण्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. म्हणून संरक्षणाची पहिली पायरी संकलन ही होय. घरापासून केंद्रापर्यंत बंद मलवाहिन्या व आवश्यक तेथे उदंचन केंद्रे ही याची आदर्श व्यवस्था आहे. दाट व जुन्या वस्तीत गल्लोगल्ली वाहिन्या टाकणे अवघड असल्याने नाल्याच्या मुखाशी बांध घालून त्यातील पाणी अडविणे व पंपांनी केंद्राकडे वळविणे हा दुसरा मार्ग अवलंबितात. शहाडच्या पाणीउपशाच्या वरच्या बाजूस उल्हास नदीस मिळणाऱ्या खेमाणी नाल्याचे सांडपाणी अडवून ते शांतीनगर येथील केंद्राकडे नेण्याची योजना या प्रकारची आहे. 

नाला अडविण्याच्या योजनेस एक अंगभूत मर्यादा असते. मुसळधार पावसात नाल्याचा प्रवाह पंपांच्या क्षमतेच्या कितीतरी पट होतो आणि जादा पाणी बांधावरून थेट नदीत जाते. त्या वेळी नदीही भरलेली असल्यामुळे पुरेसे सौम्यन होते. उन्हाळ्यात मात्र नदी क्षीण व तापमान अधिक असते, पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि कुजण्याची क्रिया शीघ्र होते. त्यामुळे अशा योजनेची खरी कसोटी मार्च ते मे या महिन्यांत लागते. त्या काळात पंप एक दिवस बंद पडला, तरी नदीवर त्याचा परिणाम दिसतो.

संस्करणाचे टप्पे : केंद्रात आलेले पाणी प्रथम लोखंडी गजांच्या चाळण्यांतून जाते. तेथे चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, फांद्या इ. अडतात. नंतर रेतीकक्षात पाण्याचा वेग सेकंदाला सु. ०·३ मी. राखतात. या वेगात जड वाळू तळाशी बसते, पण हलके सेंद्रिय कण पाण्याबरोबर पुढे जातात. वाळू न काढल्यास पंपांची झीज होते व टाक्या भरून जातात. पुढे प्राथमिक निवळण टाकीत पाणी दोन ते अडीच तास जवळजवळ स्थिर राहते. येथे निलंबित घनपदार्थांपैकी ५० ते ७० टक्के खाली बसतात व ऑक्सिजन मागणी सुमारे एक तृतीयांशाने घटते. उरलेली घाण विरघळलेल्या वा अतिसूक्ष्म कणांच्या स्वरूपात असल्याने ती केवळ निवळून निघत नाही.

द्वितीयक संस्करण हा केंद्राचा गाभा होय. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेली सक्रियित गाळ पद्धती आजही सर्वाधिक प्रचलित पद्धतींपैकी एक आहे. तीत वाहितमलात मोठ्या टाकीतून काही तास हवा घुसळतात. सूक्ष्मजंतू घाणीवर वाढून त्यांचे तपकिरी पुंजके बनतात. पुढील निवळण टाकीत हे पुंजके तळाशी बसतात आणि वरचे स्वच्छ पाणी बाहेर पडते. तळच्या गाळाचा काही भाग पुन्हा वायुमिश्रण टाकीत सोडणे हे या पद्धतीचे मर्म आहे. त्यामुळे भुकेल्या सूक्ष्मजंतूंची फौज सतत उपलब्ध राहते आणि नदीत अनेक दिवस घेणारी क्रिया चार ते आठ तासांत पुरी होते. टाकीत विरघळलेला ऑक्सिजन दर लिटरला सुमारे २ मिग्रॅ. ठेवावा लागतो. वायुमिश्रणास लागणारी वीज हा केंद्राच्या चालू खर्चातील मोठा भाग असतो. वीज दीर्घकाळ खंडित झाल्यास सूक्ष्मजंतू गुदमरतात आणि टाकी पूर्ववत होण्यास कित्येक दिवस लागतात. अलीकडे जागेच्या टंचाईमुळे भरणे, हवा देणे, निवळणे व निथळणे या क्रिया एकाच टाकीत पाळीपाळीने करण्याची पद्धतही महाराष्ट्रातील शहरांत रूढ झाली आहे.

स्वच्छ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. कच्च्या वाहितमलाच्या १०० मिलि. मध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंची संख्या एक कोटीच्या घरात असू शकते. त्यांतील ९९ टक्के नाहीसे झाले, तरी एक लक्ष उरतात. म्हणून अखेरीस क्लोरीन वा जंबुपार किरणांनी निर्जंतुकीकरण करतात. खालच्या बाजूस पिण्याचे पाणी घेतले जात असेल, तेथे या टप्प्याचे महत्त्व विशेष असते. विषमज्वर, कॉलरा, कावीळ यांसारख्या रोगांचा प्रसार रोखण्याचे काम जलशुद्धीकरण केंद्राइतकेच येथूनही सुरू होते.

गाळ : पाण्यातून काढलेली घाण गाळाच्या रूपाने शिल्लक राहते व तिची विल्हेवाट न लावल्यास श्रम व्यर्थ ठरतात. मोठ्या केंद्रांत हा गाळ बंद टाकीत २० ते ३० दिवस ऑक्सिजनाविना पचवितात. त्यातून निघणाऱ्या वायूत ६० ते ६५ टक्के मिथेन असून तो इंधन म्हणून उपयोगी पडतो. पचलेला गाळ वाळवून खत म्हणून वापरता येतो. मात्र त्यात कारखान्यांतून आलेल्या जड धातूंचा अंश असल्यास तो शेतीस अयोग्य ठरतो.

पोषकद्रव्ये व जलपर्णी : सामान्य द्वितीयक संस्करणाने सेंद्रिय घाण कमी झाली, तरी नायट्रोजन व फॉस्फरस यांचा बराच अंश पाण्यात राहतो. ही वनस्पतींची खतेच असल्याने संथ पाण्यात शैवल व जलपर्णी फोफावते. मोहने परिसरात उल्हास नदीचा पृष्ठभाग अनेक उन्हाळ्यांत जलपर्णीने झाकला गेला आहे. तिच्या दाट आच्छादनाखाली प्रकाश व हवा पोहोचत नाही आणि ती मेल्यावर कुजताना पुन्हा ऑक्सिजन खर्च होतो. जलपर्णी यंत्राने काढणे हा तात्पुरता उपाय होय. वरून येणारी पोषकद्रव्ये थांबल्याशिवाय ती परत येतच राहते. त्यासाठी केंद्रात अमोनियाचे प्रथम नायट्रेटात व नंतर वायुरूप नायट्रोजनात रूपांतर करणारा विशेष टप्पा जोडावा लागतो.

औद्योगिक अपशिष्टे : नगरपालिकेचे केंद्र सजीवांवर चालते, म्हणून विषारी द्रव्ये त्यास मारक ठरतात. आम्ल, सायनाइड, क्रोमियम, कीटकनाशके इत्यादींचा एक लोंढा आल्यास सूक्ष्मजंतू मरतात व केंद्र निष्प्रभ होते. रंगद्रव्ये, विद्राव्य क्षार यांसारखे काही पदार्थ जंतूंना न मारता जसेच्या तसे पार होतात. कॅम्प ४ व कॅम्प ५ या भागांत वाढलेल्या जीन्स धुलाईच्या व्यवसायातील निळे पाणी याचे उदाहरण आहे. हे पाणी वालधुनीत जात असल्याने न्यायालयीन आदेशांनंतर २०१८ मध्ये तेथील धुलाई कारखाने बंद करण्यात आले. हजारो कामगारांची उपजीविका त्यांवर अवलंबून होती. आरंभीच सामूहिक पूर्वसंस्करणाची सोय झाली असती, तर नदी व रोजगार यांपैकी एकाची निवड करण्याचा प्रसंग टळू शकला असता.

याहून गंभीर प्रकार म्हणजे टँकरने आणलेली रासायनिक अपशिष्टे चोरून नाल्यात ओतणे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात असे द्रव्य सोडल्याने विषारी वायू पसरला व शेकडो रहिवाशांना रुग्णालयात दाखल करावे लागले. यावर केंद्राची क्षमता वाढविणे हा उपाय नव्हे. कारखान्याच्या आवारातच पूर्वसंस्करण, औद्योगिक वसाहतींसाठी स्वतंत्र सामूहिक केंद्रे व अपशिष्टाच्या वाहतुकीवर कडक देखरेख हाच मार्ग आहे.

वैधानिक तरतुदी व मानके : महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला व १९७० मध्ये त्यासाठी मंडळ स्थापन केले. केंद्रीय जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये संमत झाला व राज्याने तो पुढे १९८१ मध्ये स्वीकारला. संस्कारित पाण्याच्या मागणीची मर्यादा ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांसाठी २० व इतरत्र ३० मिग्रॅ. प्रतिलिटर ठेवली, विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंची मर्यादा १०० मिलि. स १,००० अशी घातली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये मागणीची मर्यादा १० मिग्रॅ. इतकी कडक करण्याचा आदेश दिला.

उल्हास खोऱ्यातील प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ या संस्थेने केलेल्या अर्जावर न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने जुलै २०१५ मध्ये निकाल दिला. त्यात या भागातील सामूहिक संस्करण केंद्रे, औद्योगिक विकास महामंडळ व स्थानिक स्वराज्य संस्था यांना जबाबदार धरून एकूण सुमारे ९५ कोटी रुपये भरण्यास सांगण्यात आले. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत उल्हासचा मोहने ते बदलापूर हा भाग समाविष्ट होता.

कार्याचे मूल्यमापन : केंद्राची क्षमता दररोज किती दशलक्ष लिटर, या आकड्यावरून नदीचे संरक्षण सिद्ध होत नाही. शहरात निर्माण होणाऱ्या वाहितमलापैकी किती भाग केंद्रात पोहोचतो, पोहोचलेल्या पाण्याची मागणी किती घटते, केंद्र वर्षातील किती दिवस अखंड चालते व त्यात विषारी द्रव्ये किती शिरतात, या चारही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. निम्मे वाहितमल नाल्यातून परभारे नदीत जात असेल, तर उरलेल्या निम्म्याचे परिपूर्ण संस्करण करूनही घाणीचा भार निम्म्याहून खाली येऊ शकत नाही. तसेच नदी शहरांच्या हद्दी जाणत नाही. वरच्या गावाने संस्करण न केल्यास खालच्या गावाचा खर्च वाढतो आणि अंबरनाथची वालधुनी स्वच्छ झाल्याखेरीज उल्हासनगरची होत नाही. म्हणून अंतिम मोजमाप केंद्राच्या निर्गमद्वाराशी न करता नदीतच, तेही मे महिन्यातील क्षीण प्रवाहात, विरघळलेल्या ऑक्सिजनावरून केले पाहिजे. त्या पाण्यात मासा तग धरू शकत असेल, तर केंद्राने आपले काम केले असे म्हणता येते.